मलाझची पोलंडवाली

रियाधच्या मलाझ भागात आमची बिल्डिंग. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं, एक आमचं आणि एक आठल्यांचं. मधे चार पावलांची मोकळी जागा. गेल्या चौदा वर्षांत या चार पावलांवरून काय काय गेलं-आलं म्हणून सांगू! आमच्याकडून तिकडे तांदळाच्या भाकऱ्या, तापाचं थर्मामीटर, सुकट (ती फक्त आठल्यांच्या कुमाररावांसाठी, तीही झाकून, जणू काही चोरीचा माल) आणि बिल्डिंगमधल्या ताज्या बातम्या. बातम्यांचं खातं माझ्याकडे होतं. तिकडून आमच्याकडे यायची साबुदाण्याची खिचडी, आणि पोलंड.

पोलंड म्हणजे युरोपातला देश. तो आमच्या घरात कसा आला याची गोष्ट क्षितिजा आठल्ये नावाच्या बाईची आहे, म्हणून मी ती सांगतेय. मी, म्हणजे रईसा. श्रीवर्धनची. शाळा मराठी, तोंड फटकळ. एवढी ओळख पुरे.

क्षितिजा इथे आली तेव्हा कडेवर एक वर्षाची स्मृती होती आणि सामानात तंबोऱ्याचं यंत्र. पुण्याची मुलगी, संगीतात एम.ए. नवरा कुमार सॉफ्टवेअरवाला. तिसऱ्याच दिवशी तिने माझ्यासमोर इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, धरला. "आपा, तुम्हाला अरबी वाचता येतं ना? हे खाली काय लिहिलंय?"

मला अरबी वाचता येतं. लहानपणी मशिदीत अक्षरं गिरवलीत, आणि इथे राहून सरकारी कागदांवरचे ठरलेले शब्द पाठ झालेत. वाचलं आणि सांगितलं, "काम करायला परवानगी नाही, असं लिहिलंय. माझ्यावर पण आहे. सरकारने लेखी आराम दिलाय बाई, घे."

ती हसली नाही. मला वाटलं, पुणेरी आहे, उशिरा हसेल.

पुढच्या सुट्टीत पुण्याला गेली ती पीएच.डी.ला नाव घालून आली. विषय काय? एकोणिसाव्या शतकातला पोलिश ऑपेरा आणि राष्ट्रवाद. मी म्हटलं, "अगं, जवळपास काही नव्हतं का?" तर म्हणाली, मराठी संगीत नाटकावर करायचं होतं, पण तिच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या की त्यावर आधीच सतरा जणांनी केलंय, ज्याला कुणी हात लावला नाही ते घे. मग हिने शोधून शोधून असं काही काढलं की त्याला हात लावायला माणसालाच आधी पोलिश शिकावं लागेल. शिकली. सहा वर्षं. कॉम्प्युटरवर एक म्हातारी शिकवायला यायची, आणि इकडे क्षितिजा भेंडी चिरता चिरता तोंडात खडे धरल्यासारखी व्यंजनं घोळवायची. बिल्डिंगने तिचं नाव पोलंडवाली ठेवलं. कबूल करते, मीच ठेवलं.

एकदा दोन्ही घरं आमच्याकडे जेवायला असताना तिने तो पोलंड समजावला. शेजारच्या तीन राज्यांनी, रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने, तो देश आपसात वाटून घेतला. एकशे तेवीस वर्षं नकाशावर पोलंडच नाही.

आमचे वहाब जेवता जेवता थांबले. "मग तिथल्या माणसांचा इकामा कोण काढायचा?"

सगळे हसलो. क्षितिजाही हसली आणि मग म्हणाली, "वहाबभाई, माझ्या चौथ्या प्रकरणात हेच आहे. तुम्ही एका वाक्यात सांगितलंत."

तिचं चौथं प्रकरण आता मला तोंडपाठ आहे, कारण तिने ते नऊ वेळा लिहिलं आणि दहा वेळा मला ऐकवलं. देश नव्हता, झेंडा नव्हता, शाळेतली भाषासुद्धा पुढे परकी झाली. राहिला तो नाटकगृहाचा रंगमंच. पण तिथेही संहिता आधी रशियन सेन्सॉरकडे जायची. तो लाल पेन्सिल घेऊन बसलेला. 'स्वातंत्र्य' शब्द दिसला, मार काट. 'मातृभूमी' दिसली, मार काट. मग या लोकांनी काय केलं? गोष्ट साधी ठेवली. जुनं घर, लढाईवरून परतलेले भाऊ, लग्नाळू पोरी. आणि मधेच सगळ्यांना मझूर नाचायला लावलं. मझूर म्हणजे त्यांच्या गावाकडचा तीन मात्रांचा नाच, टाच आपटायची, छाती काढायची. प्रेक्षकांत बसलेला माणूस तो ताल ऐकायचा आणि रडायचा. एक ऑपेरा तर तिसऱ्या प्रयोगानंतर बंदच करून टाकला, लोक फार भारावतात म्हणून.

"आपल्याकडे नाही का," क्षितिजा म्हणायची, "राक्षस मारला पुराणातला, आणि टाळ्या पडल्या त्या गोऱ्या साहेबाच्या नावाने! तसंच. सेन्सॉर शब्द वाचतो, आपा. त्याला ताल वाचता येत नाही."

मझूर तिने प्रत्यक्ष करूनही दाखवला. दिवाणखान्यात, मला हाताला धरून. माझ्या वजनाने खालच्या मजल्यावरच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, कुटुंबाचं झुंबर हललं आणि ते वर विचारायला आले. मी सांगितलं, पोलंड स्वतंत्र होतोय, दहा मिनिटं थांबा.

ते दिवस वेगळे होते. तेव्हा इथे गाणंबजावणं सगळं दबक्या आवाजात. क्षितिजा रियाजाला बसायची ती दाराच्या फटीला टॉवेल लावून. मग बघता बघता हवा बदलली. स्टेडियममध्ये गाणी सुरू झाली, मी पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी चालवायला लागले (वहाब अजून डोळे मिटून बसतात), आणि परवा परवा तर रियाधमध्येच तिकीट लावून ऑपेरा झाला. क्षितिजा जाऊन आली. जिन्यातच मला धरून म्हणाली, "आपा, माझा प्रबंध पुरा व्हायच्या आत यांनी अख्खा देश बदलून टाकला!"

प्रबंध पुरा होत नव्हता हे खरं. स्मृतीचे कांजिण्या-गोवर, कुमाररावांची आई, मधे करोना, मार्गदर्शक बाई निवृत्त. एक मुदतवाढ, दुसरी, तिसरी. कुणी विचारलं की "काय, पोलंड कुठवर आला?" ती म्हणायची, "शेवटच्या अंकात." असं तीन वर्षं. विचारणाऱ्यांत मी पुढे. आता वाटतं, थोडं कमी विचारायला हवं होतं.

यंदा विद्यापीठाने कळवलं: अखेरची मुदत, फेब्रुवारी संपेपर्यंत. महिन्याचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. संध्याकाळी पाचपर्यंत उमेदवाराने स्वतः हजर राहून सही करायची, नाहीतर नोंदणी रद्द. तेरा वर्षं रद्द. प्रबंध तयार होता, चारशे बारा पानं, पुण्यात बाइंडिंगही झालं होतं. फक्त बाई तिथे पोचायची राहिली होती.

आणि नेमकी त्याच वेळी कुमाररावांची नोकरी बदलली. जुन्या कंपनीतून पाच तासांवरच्या जुबैलच्या एका कंत्राटदाराकडे. कफील, म्हणजे हमी घेणारा मालक, बदलायचा म्हणजे सगळ्या घराचे कागद मधल्या मधे लटकतात. जानेवारी गेला, फेब्रुवारी अर्धा गेला. तेवढ्या काळात कुणालाही देशाबाहेर जायचा परवाना निघत नाही. क्षितिजा रोज सकाळी कुमाररावांना विचारायची, "आलं?" ते म्हणायचे, "येईल." तिने बोलणंच सोडलं. तोंडाने काही नाही, पण जेवण एक दिवस अळणी, एक दिवस खारट. स्मृतीच्या दहावीच्या परीक्षा सुरू होत्या. ती पोर माझ्याकडे येऊन जेवायची. "आंटी, मम्मा इज नॉट हिअर ओन्ली," म्हणायची, "शी इज ऑलरेडी इन पोलंड."

मंगळवारी कागद बदलून आले. क्षितिजाने तिकीट काढलं. गुरुवारी दुपारचं विमान, रात्री मुंबई, पहाटे पुणे, शुक्रवारी सही, रविवारी परत. सोमवारी स्मृतीचा पेपर.

आता इथली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाहेर जायचा परवाना दोन प्रकारचा. एक, जाऊन परत येण्याचा. दुसरा, कायमचा, खुरूज निहाई, त्यावर गेलात की इकामा संपला, खलास. बायकोमुलांचा परवाना नवऱ्याने काढायचा, फोनवर, सरकारी अ‍ॅपवर. दोन्ही बटणं शेजारी शेजारी. शिक्का नाही, खिडकी नाही. अरबीत एक पान तयार होतं, त्यावर हिरवी खूण. आणि आपली माणसं काय करतात? ते पान घरच्या ग्रुपवर पुढे ढकलतात. हिरवं दिसलं की सगळे अंगठा दाखवतात. वाचत कुणी नाही. इतक्या वर्षांत कुणाचं अडलं नाही म्हणून सवय लागली.

बुधवारी कुमारराव जुन्या कचेरीत शेवटच्या दिवसाच्या सह्या करत होते. लॅपटॉप परत, ओळखपत्र परत, कंपनीचं सिमकार्ड परत. अ‍ॅपचा सांकेतिक आकडा त्याच सिमवर यायचा, म्हणून सिम देण्याआधी घाईघाईने परवाना काढला. समोर कचेरीतला माणूस कार्ड मागायला हात पुढे करून उभा. पान 'आठल्ये-वहाब परिवार' या आमच्या ग्रुपवर आलं. वहाबनी अंगठा दिला. स्मृतीने केक दिला. मी पान उघडलं. चष्मा डोळ्यांवर होता. क्षितिजाचं नाव वाचलं, तारीख वाचली. आणि पुढे वाचायच्या आत मला एक गंमत सुचली. लिहिलं, "पोलंड स्वतंत्र झाला! मझूर नाचा!" आणि नाचणाऱ्या बाईची सहा चित्रं टाकली.

गुरुवारी मीच तिला विमानतळावर घेऊन गेले. कुमारराव सकाळीच कंपनीच्या बसने जुबैलला गेले होते. वाटेत ती गात होती. खिडकी उघडी टाकून, पूर्ण आवाजात, तिच्या त्या पोलिशमध्ये. सिग्नलला शेजारच्या गाडीतला सौदी पोरगा बघायला लागला तर मी म्हटलं, "बघू दे. लेखी आरामात असलेली बाई कामावर निघालीय."

त्या जुन्या विनोदाला तेव्हा हसली. चौदा वर्षांनी. म्हटलं होतं ना, उशिरा हसेल.

काउंटरवर केरळचा तरुण होता. पासपोर्ट घेतला, कॉम्प्युटरकडे बघितलं, परत तिकिटाकडे बघितलं.

"मॅडम, वापसी का टिकट क्यों लिया?"

"संडे को वापस आना है," क्षितिजा म्हणाली.

"कैसे आएंगे? ये तो फायनल एक्झिट है."

मला आधी वाटलं, चेष्टा करतोय. मी चेष्टेची जुनी खेळाडू, पण त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. क्षितिजाने फोन काढला, ग्रुपवरचं ते पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. तिसऱ्या ओळीत, ठळक, गोल गोल अक्षरांत लिहिलं होतं. निहाई.

"आहे का आपा?"

"आहे."

तिने कुमाररावांना फोन लावला. दोन रिंगमध्ये उचलला. स्पीकरवर टाकला.

"कुमार, तू कुठलं बटण दाबलंस?"

"कुठलं म्हणजे?"

"फायनल एक्झिट निघालंय."

मग, "थांब. रद्द करता येतं. रद्द करून दुसरं काढतो. पाच मिनिटं." आणि लगेच, अगदी बारीक आवाजात, "क्षितू... सिम तर काल परत केलं."

"मग नवा नंबर घाल ना."

"त्याला बोटांचे ठसे लागतात. मी बसमध्ये आहे गं. जुबैलला पोचेपर्यंत... आणि उद्या शुक्रवार, परवा शनिवार, सगळं बंद. रविवारी. रविवारी सकाळी पहिलं काम करतो."

"रविवारी," ती म्हणाली.

मी कुमाररावांच्या जुन्या कंपनीत फोन लावला, सिम कुणाकडे आहे विचारलं. बंद करून टाकलं होतं. वहाबना लावला, त्यांनी त्यांच्या ओळखीच्या कफिलाला लावला. तो म्हणाला, इन्शाल्ला, संडे. त्या केरळच्या मुलाने दोनदा विचारलं, "मॅडम, क्या करें? काउंटर बंद होगा." रांगेतली माणसं पाय बदलत होती. क्षितिजा सामानाच्या वजनकाट्यावरच बसली. खरंच बसली, बॅगेसारखी. काट्यावर आकडा उमटला, एकोणसाठ किलो.

तिने वर बघून विचारलं, "आपा, काल तुम्ही वाचलं नव्हतं का?"

इतकी वर्षं माझ्या तोंडाला कधी उत्तर कमी पडलं नाही. तेव्हाही पडलं नाही, हेच वाईट झालं. म्हटलं, "चष्मा नव्हता गं."

तिने मान हलवली. मग स्मृतीला फोन केला. सगळं सांगितलं, शांतपणे, मराठीत, जशी ती कधी पोरीशी बोलत नसे. नेहमी दोघींचं अर्धं इंग्रजी चालायचं. "मी गेले तर रविवारी येणार नाही. कधी येईन ते माहीत नाही. राहिले तर उद्या पाच वाजता माझं सगळं संपेल. तू सांग."

पलीकडून पोरगी बराच वेळ नाक ओढत होती. मग म्हणाली, "मम्मा, तू जा. मला अंडं येतं करायला." आणि थोडं थांबून, तिच्या त्या मोडक्या मराठीत, "मी आंटीकडे राहते. तू सही कर."

क्षितिजा उठली. काट्यावर बॅग ठेवली. त्या मुलाला म्हणाली, "वापसी का टिकट कैन्सल कर दो."

आत जाण्याआधी मला मिठी मारली. ती पासपोर्ट तपासणीच्या दारापाशी पोचली, वळली, आणि एकदाच डावी टाच जमिनीवर आपटली. मझूर. पहाऱ्यावरचा शिपाई फक्त तिचा पासपोर्ट वाचत होता.

शुक्रवारी दुपारी फोटो आला: विद्यापीठाच्या टेबलावर लाल बाइंडिंगच्या पाच प्रती, वहीत तिची सही. ग्रुपवर कुणी अंगठा दिला नाही. बरं वाटत होतं आणि अंगठा द्यायला बोट उचलत नव्हतं.

हे सगळं होऊन आठ महिने झाले. सप्टेंबरात तोंडी परीक्षा झाली. क्षितिजा आठल्ये आता डॉक्टर आहे. पुण्यात, भावाच्या घरी, मागच्या खोलीत. कुमारराव जुबैलला कंपनीच्या बॅरेकमध्ये, एका खोलीत तिघे. स्मृतीची अकरावी इथेच सुरू झाली, ती माझ्याकडे. समोरच्या दाराला कुलूप. वहाब एकदा जेवताना म्हणाले, "तीन ठिकाणी वाटलं गेलं बिचारं घर." या वेळी कुणी हसलं नाही, तेही नाही.

कुटुंबाचा नवा व्हिसा मागितला तो पहिल्यांदा फेटाळला गेला, कारण नव्या इकाम्यावर कुमाररावांचा धंदा चुकून टेक्निशियन पडलाय, आणि टेक्निशियनला कुटुंब आणता येत नाही. धंदा बदलायचा अर्ज अजून तसाच आहे. मधे कुणीतरी सांगितलं, वेगळ्या खिडकीतून पुन्हा मागून बघा. मागितला.

मी आता बिल्डिंगमधला प्रत्येक अरबी कागद वाचते. विजेचं बिलसुद्धा. चष्मा लावून, बोट ठेवून, शब्द शब्द. पोरं चिडवतात, रईसाआंटी आली, सेन्सॉर आला. चिडवू दे. स्मृती रात्रीचं जेवण झालं की तिच्या आईचं चौथं प्रकरण लॅपटॉपवर मोठ्याने वाचते. मराठीत लिहिलेलं, अडखळत, 'मातृभूमी'पाशी दरवेळी अडकते. मी दुरुस्त करते.

गेल्या मंगळवारी दुपारी कुमाररावांनी ग्रुपवर एक पान टाकलं. अरबी. खाली काही लिहिलं नव्हतं, त्यांनी बघितलंही नव्हतं बहुतेक. पानावर निळ्या खुणा पडल्या. वहाबनी बघितलं, स्मृतीने शाळेतून बघितलं, पुण्याहून क्षितिजाने बघितलं. अंगठा नाही, केक नाही. सगळे थांबले होते. माझ्यासाठी थांबले होते.

मी चष्मा पुसला. लावला. नाव वाचलं, तारीख वाचली. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. मरफूज. नामंजूर. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं, शब्द तोच होता.

काहीतरी गमतीचं लिहावं म्हणून बोटं सवयीने हलली. लिहिलं, "नामंजूर."

पुण्याकडून काहीतरी लिहिलं जात होतं, थांबत होतं, परत लिहिलं जात होतं. मग आलं.

"आपा, आज चष्मा होता ना?"

त्या दिवशी विमानतळावर 'नव्हता' म्हणताना तो नेहमीसारखा माझ्या डोक्यावर खोचलेला होता. तिने पाहिला होता.

मी लिहिलं, "होता गं. त्या बुधवारीही होता."